मोबाइल, माणसं आणि गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावती, वर्ध्याकडच्या गावांतून सारखे येणारे हे प्रश्न आहेत. कोणी बचत गटाच्या बैठकीनंतर थांबून विचारतं, कोणी पानठेल्यावर गाठतं, कोणी रात्री व्हॉइस नोट पाठवतं. बहुतेकांची सुरुवात "तो असा काहून वागला?" अशी असते. त्याचं उत्तर पुष्कळदा त्या माणसाच्या स्वभावापेक्षा फोनमधल्या एखाद्या बटणात सापडतं. ज्यांनी ही बटणं बनवली त्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्येकाचा स्वतंत्र फोन होता. आपल्याकडे फोन घराचा असतो, आणि घर भाऊबंदांचं. खाली एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथं तो क्रमांक दिला आहे.

१. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या म्हणजे समोरच्यानं मेसेज वाचलाच ना?

त्यांच्या फोनवर चॅट उघडली गेली, एवढंच नक्की. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून गेला, दोन करड्या म्हणजे त्यांच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे तो कोणीतरी उघडला. कोणी, हे टिकेला कळत नाही. काकांचा फोन दिवसभर पुतण्याच्या हातात असतो. तो गेम शोधता शोधता तुमचं "उद्या ट्रॅक्टर पाठवता का?" उघडतो आणि पुढे जातो. इकडे तुम्ही "पाहून उत्तर देत नाही, भाव खाऊन राहिला" म्हणून फुगून बसता.

या टिका व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. लोक इतके वैतागले की त्या बंद करायची सोय लगेच द्यावी लागली. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा, तिथं 'रीड रिसिप्ट्स' आहे. बंद केल्यावर तुमच्या टिका दुसऱ्याला दिसत नाहीत आणि दुसऱ्याच्या तुम्हाला. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होत नाहीत. व्हॉइस नोट ऐकल्याची खूणही जातेच. ट्रॅक्टरचं काम अडलं असेल तर सरळ फोन लावा.

२. 'लास्ट सीन' बंद केलं तर सासरचे म्हणतात, "काय लपवून राहिली?" काय करू?

हा प्रश्न सुनांकडूनच येतो. जावयाला कोणी विचारत नाही, हेही लक्षात घ्या.

तुम्ही शेवटचं कधी व्हॉट्सॲपवर होता ते दाखवणारी ही खूण सुरुवातीपासून चालूच असते. म्हणून ती चालू ठेवली तर कोणाच्या डोळ्यांत येत नाही, बंद केली की येते. काही ठरावीक लोकांनाच दिसू नये असा पर्यायही आहे, पण घरातल्या माणसाला तुमचं 'लास्ट सीन' एकदम दिसेनासं झालं तर त्याला कळतंच. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा: नवा नंबर घ्याल त्याच दिवशी बंद करून टाका. आधी कोणी पाहिलंच नसेल तर गेलेलं कोणाला जाणवत नाही. २०२२ पासून 'ऑनलाइन' ही खूणही तिथूनच झाकता येते. बदल्यात दुसऱ्यांचं तुम्हालाही दिसणार नाही.

३. गावच्या ग्रुपवर मयतीची बातमी आली की लोक खाली अंगठा टाकतात. ही काय रीत झाली?

अंगठा टाकणाऱ्याला बहुतेक वेळा "समजलं, येतो" एवढंच म्हणायचं असतं. मेसेजवर बोट दाबून धरलं की चिन्हांची ओळ उघडते, आणि २०२२ मध्ये ही सोय आली तेव्हापासून त्या ओळीत अंगठा सर्वांत पुढे आहे. हात जोडलेलं चिन्ह त्याच ओळीत होतं, पण टोकाला. साठीच्या माणसाला चष्म्याविना पहिलं दिसतं तेच दाबलं जातं. म्हणून अंगठ्यावरून कोणाशी अबोला धरू नका. बदलता येईल तिथं मात्र हात जोडलेलं चिन्ह पुढे आणून ठेवा.

खरी अडचण त्यापुढची आहे. बातमी अशी येते: "...यांचे आज पहाटे दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी दोन वाजता, मोक्षधाम." त्याखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू होते. प्रत्येकाला आपलं नाव त्या रांगेत दिसलं पाहिजे असं वाटतं, कारण घरचे नंतर पाहतात कोणी लिहिलं आणि कोणी नाही. तासाभरात मूळ मेसेज इतका वर जातो की अकराला फोन उघडणाऱ्याला वेळ सापडत नाही. तो परत विचारतो, "किती वाजता आहे?", आणि रांग आणखी लांबते. कोतवालाची दवंडी ऐकणाऱ्याला उत्तर द्यायची सोय नव्हती, तिचा फायदा आता कळतो. ग्रुपमध्ये मात्र खाली लिहायची रिकामी पट्टी कायम समोर असते, आणि रिकामी पट्टी दिसली की माणूस लिहितो.

उपाय दोन आहेत. ॲडमिननं तो मेसेज पिन करावा म्हणजे तो वरती चिकटून राहतो. चोवीस तासांचा पर्याय पुरेसा असतो. दुसरा उपाय म्हणजे सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवून तिथं फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करणं. श्रद्धांजलीसाठी दुसरा ग्रुप राहू द्या. तिथली रांग कोणाला अडत नाही, आणि घरच्यांना तिचा आधारही वाटतो.

४. भाऊबंदांचा ग्रुप सोडायचा आहे, पण नाराजी होईल. गुपचूप निघता येतं का?

जवळजवळ. ऑगस्ट २०२२ च्या आधी कोणी निघालं की साऱ्या ग्रुपला ओळ दिसायची, आणि ते भरल्या पंगतीतून उठून जाण्यासारखं व्हायचं. आता सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण कोण कोण निघालं त्याची यादी साठ दिवस सगळ्यांना पाहता येते, आणि ती काढून पाहणारा एक तरी भाचा प्रत्येक घराण्यात असतो. शिवाय ॲडमिन सहसा मोठे काकाच असतात.

माझं मत विचाराल तर सोडू नका. कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी तो ग्रुप वर येत नाही, आणि तेरवीची तारीख पाहायची झाली तर आत जाता येतं. शेताच्या धुऱ्यावरून भांडण चालू असलेल्या घराण्यात मात्र ही सोय कामाची नाही. तिथं कोण ग्रुपमध्ये आहे हेच पुढे कोण कोणाकडून आहे म्हणून सांगितलं जातं.

५. कोणीही न विचारता ग्रुपमध्ये घालतं, आणि मग अनोळखी माणसांचे मेसेज येतात. हे कसं थांबवायचं?

प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप्स' उघडा आणि 'सगळे' काढून 'माझे कॉन्टॅक्ट्स' निवडा. ही सोय २०१९ पासून आहे, म्हणजे एका निवडणुकीच्या मोसमातच आली.

बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव ताईंसाठी वेगळी सूचना. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. खतविक्रेता, योजनेचा एजंट, प्रशिक्षणाला आलेला माणूस असे कोणी आत घेतले की तेही पाहतात. रात्री "ताई, ओळखलं का?" असे मेसेज पाठवणाऱ्यांना तुमचे नंबर बरेचदा इथूनच मिळालेले असतात. बाहेरच्यांना घ्यायचंच असेल तर 'कम्युनिटी'चा सूचनाफलक वापरा. तिथं सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला मात्र दिसतात.

६. मी ॲडमिन आहे. कोणी वादग्रस्त पोस्ट टाकली तर गुन्हा माझ्यावर येतो का?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. हे प्रकरण आपल्याच भागातलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवरच्या मजकुरावरून ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणूस घालणं आणि काढणं एवढंच आहे, दुसरा काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, आणि दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पण निकालानंतर बटणं वाढली. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. तेव्हा "माझ्या हातात काही नव्हतं" हे आता तितकं खरं नाही. पाहिलं की पुसा, माणसाला समज द्या, आणि ठाणेदारांचा फोन आला तर घाबरून ग्रुप बंद करू नका.

७. "पोरं पळवणारी टोळी फिरत आहे" असा मेसेज खुद्द सरांनी पाठवला. सर खोटं कशाला बोलतील?

सर खोटं बोलले नाहीत. त्यांनी पुढे ढकललं, आणि बोलणं व ढकलणं यांतला फरक फोनवर दिसेनासा होतो. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर नाव ढकलणाऱ्याचं असतं. मूळ लिहिणारा कोण, कुठला, काहीच दिसत नाही. पारावर कोणी अशी बातमी आणली तर आपण पहिलं विचारतो, "तुला कोण सांगितलं?" फोनवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण समोर सरांचा फोटो असतो.

याचा शेवट काय होतो ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेवरून जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते. आपल्याकडेही सुगीनंतर बहुरूपी, जोशी, वासुदेव येतात. त्यांना पिढ्यान् पिढ्या ओळखणारं म्हातारं माणूस दुपारी घरी असतं, पण ग्रुपवर नसतं.

त्याच महिन्यात 'फॉरवर्डेड' ही खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा लागली, आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं गेलं. जो मेसेज पाच किंवा अधिक हातांतून आला आहे त्यावर दोन बाण दिसतात, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यानं वेग कमी होतो, अफवा थांबत नाही. मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला, स्क्रीनशॉट घेतला किंवा स्टेटसला ठेवला की बाण निघून जातात.

म्हणून बाण असो-नसो, पाठवणाऱ्याला एकच विचारा: "सर, तुम्ही पाहिलं की तुम्हाला आलं?" 'आलं' म्हणाले तर पोलीस पाटलांना कळवा. गावात कोणाला अडवून ठेवलं असेल तर आधी ११२ लावा, ग्रुपवर नंतर लिहा.

८. फोन एक, घरात माणसं पाच. ओटीपी कायम चुकीच्या माणसाकडे जातो. आम्ही काय करायचं?

चूक तुमची नाही. ओटीपीमागचा हिशेबच असा आहे की नंबर म्हणजे माणूस. आपल्याकडे नंबर म्हणजे कुटुंब, आणि पुष्कळदा तो फोन घेऊन घरधनी पुण्याला कामावर गेलेला असतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे फार बोचलं. बाईच्या आधारवर एक ओटीपी आणि पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा, अशी सुरुवातीची रचना होती. ज्यांचे दोघंही हयात नाहीत त्या पहिल्याच पायरीवर अडल्या. सेतू केंद्राच्या बाकावर बसून "अहो, आता आला असंन पाहा, सांगा लवकर" असं फोनवर ओरडणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या. शेजारी बसलेल्या दहा जणांना तो आकडा ऐकू जात होता. ज्याला गुप्त म्हणायचं त्याला ही रचनाच ओरडायला लावत होती.

उलट उदाहरणही सरकारचंच आहे. ई-पीक पाहणी ॲप राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. त्यात एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्या पोराला फोन जमतो तो आपल्या वावरात पऱ्हाटीचा फोटो काढतो, मग शेजारच्या बुढ्याच्या वावरात जाऊन त्यांच्या तुरीचा. त्या ॲपच्याही तक्रारी ढीगभर आहेत, सर्व्हर हँग होण्याच्या तर विचारू नका. पण फोन मागून वापरला जातो, हे बनवणाऱ्यानं आधी धरलं होतं.

तुमच्यापुरतं: आधारला जोडलेला नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा ठेवा. तो बदलायला आधार केंद्रात जा. बँकेचा नंबर मात्र ज्याचं खातं त्याचाच असू द्या, भाच्याचा नको. ओटीपी सांगायचाच झाला तर घरच्याला, आणि तोही तुम्ही स्वतः फोन लावला असेल तरच.

९. अंगणवाडीच्या ताई आजकाल बोलण्यापेक्षा फोनमध्येच पाहतात. असं काहून?

कारण मोजलं जातं ते फोनमधलं. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये हजेरी, वजन, उंची, आहार सगळं भरावं लागतं. भरलं नाही तर काम झालं नाही असं धरलं जातं. गरोदर बाईच्या ओट्यावर अर्धा तास बसून तिच्या सासूला समजावलं, त्याला ॲपमध्ये रकाना नाही. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाचे मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट होते, आणि मराठीत काम करणाऱ्यांना ॲप इंग्रजीतून भरायचं होतं. ताईंवर रागवण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून एक नोंद पूर्ण होताना पाहा.

१०. दुकानातला डबा "अमुक रुपये प्राप्त झाले" असं ओरडतो. सगळ्यांना कळतं. लाज वाटते.

तो दुकानदारासाठी बनवला आहे, तुमच्यासाठी नाही. हात तेलात किंवा कात-चुन्यात असले तर फोन पाहता येत नाही, आणि पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे वाढले होते. म्हणून आवाज. पानठेल्यावर त्यानं काही बिघडत नाही. मेडिकलमध्ये आणि देशी दारूच्या दुकानात बिघडतं.

बायांची तक्रार याहून खोल आहे, आणि ती डब्याबद्दल नाही. पूर्वी शेळीचे, अंड्यांचे, निंदणाचे पैसे डाळीच्या डब्यात तळाशी राहायचे. आता ते खात्यावर येतात, मेसेज घरधन्याच्या फोनवर वाजतो, आणि संध्याकाळी हिशेब विचारला जातो. रोख पैशाला आठवण नसते, यूपीआयला असते. स्वतःचं खातं, स्वतःचा नंबर आणि थोडी रोकड, हे तिन्ही ठेवा. साध्या बटणाच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, ती सोय मार्च २०२२ पासून आहे.

एक गोष्ट पक्की: पैसे *मिळवायला* पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे जात आहेत.

११. ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडली आणि खात्यातले पैसे गेले. ओळखीचा माणूस असं करेल?

त्याचाही फोन बहुधा असाच फसला असणार आणि त्यानं आपोआप सगळ्यांना फाइल पाठवली असणार. पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, हात लावू नका. चोरांनी पत्रिकाच निवडली, कारण आपल्याकडे पत्रिका न पाहता ठेवणं अपमानाचं समजतात. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. ओळखीवर विश्वास ठेवण्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

१२. रील्स पाहता पाहता रात्रीचा एक वाजतो. माझ्यातच खोट आहे का?

थोडी तुमची, बरीचशी रचनेची. पेपरचं शेवटचं पान येतं, रील्सचं येत नाही. खाली सरकत राहणारं हे न संपणारं पान २००६ मध्ये एझा रास्किन या डिझाइनरनं तयार केलं. पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्यात पुढची रील चांगली निघेल की रद्दी हे माहीत नसतं, आणि तो अंदाज न येणं हेच माणसाला बसवून ठेवतं.

आपल्याकडे यात ओलिताची भर आहे. शेतपंपाची लाइन रात्री असली की कास्तकार वावरात जागा राहतो, आणि लाइन येईपर्यंत करायचं काय? तिथं फोन सोबतीला आहे, त्याला व्यसन म्हणू नये. घरी अंथरुणात तेच चालू राहिलं तर फोनमध्येच ॲप टायमर आहे, तो लावा. वेळ संपली की ॲप बंद होतं. तुम्ही ते परत उघडाल, पण मधे एक थांबा तरी येतो.

१३. आमच्या ग्रामसभेत पोरांच्या मोबाइलवर बंदीचा ठराव आणायचा आहे. चालेल का?

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी असा ठराव केला होता. करोनात शाळा फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन हातातच राहिला, हे त्यामागचं कारण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी वेगळं केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेही.

मला दुसरं जास्त पटतं. पोर फोन सोडत नाही ते पुष्कळदा बाकीचे ग्रुपवर असतात म्हणून. सगळेच एकदम बंद झाले तर कोणाचं काही सुटत नाही. ज्या घरात बाप जेवताना रील्स पाहतो तिथं कोणताही ठराव टिकणार नाही.

१४. आईला लिहिता-वाचता येत नाही. व्हॉइस नोट ऐकते तर साऱ्या घराला ऐकू जातं.

फोन कानाला लावून ऐकायला सांगा, आवाज आपोआप बारीक होतो आणि फक्त तिला ऐकू येतं. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीकडे गोंडी बोलणाऱ्यांसाठी तर व्हॉइस नोट ही मोठीच सोय ठरली. ज्या बोलीत कोणी टाइप करत नाही, त्या बोलीत आता निरोप जातात.

जपायचं एकच. टाइप केलेला मेसेज "मी लिहिला नाही" म्हणता येतो, आवाज मात्र गाव ओळखतं. रागात पाठवली असेल तर दोन दिवसांच्या आत 'सगळ्यांसाठी डिलीट' होते, तोवर कोणी पुढे पाठवली नसेल तर.

१५. वडील वारले. त्यांचा नंबर अजून सगळ्या ग्रुपमध्ये आहे. काढायचा का, आणि कोणी?

घाई नको. ॲडमिननं घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नये; परस्पर काढलं तर ते नाव कापल्यासारखं लागतं. व्हॉट्सॲप न वापरलेलं खातं साधारण १२० दिवसांनी स्वतःहून काढून टाकतं, तेव्हा नाव तसंही जातं. जुने फोटो आणि त्यांच्या आवाजातल्या नोट्स त्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या.

सिमचं वेगळं आहे. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग बँकेचे आणि सोसायटीचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जातील. म्हणून खातं, सातबारा आणि वारसाची कामं होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. त्या नंबरच्या यूपीआयवरून मात्र घरच्यांनी एक रुपयाही काढू नये. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जावं, खात्याला नॉमिनी लावलेला असेल तर काम लवकर होतं.